पहिलीचे वर्ष : पालकांसाठी थोडेसे

इयत्ता पहिलीच्या वर्गाविषयी पालकांच्या मनात जे चित्र असते, ते बहुधा त्यांच्या स्वतःच्या बालपणातले असते : पाटी, छडी आणि 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतची घोकंपट्टी. आपल्या वसतिशाळेत येणाऱ्या काही मुलांच्या घरी तर तेवढेही चित्र नसते. ते मूल घरातले पहिलेच शिकणारे असते. म्हणून जून ते एप्रिल या काळात काय घडते, ते सांगणे अगत्याचे वाटते.

वर्षाचा आरंभ वर्गात नव्हे, कार्यालयात होतो. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, जन्मतारीख, धर्म व जात यांची नोंद होते आणि पालक घाईने सही करून निघतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या नोंदीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झालेल्या 'भिवा'चे नाव तेथील रजिस्टरात आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही ती ओळ महत्त्वाची. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, तेव्हा आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंद कामी येते. ज्यांच्या पूर्वजांना शाळेचा उंबरठाच ओलांडू दिला नाही, त्यांनी ती कोठून आणावी, हे मागणाऱ्यांनी एकदा सांगावे! १९५६ साली धम्म स्वीकारलेल्या आपल्या समाजाला केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. तेव्हा धर्म आणि जात हे दोन्ही रकाने कागदपत्रे समोर ठेवून भरून घ्यावेत. पुढे दुरुस्ती करणे फार जिकिरीचे होते.

जुलैत पालक विचारतात, "अजून मुळाक्षरे कशी झाली नाहीत?" आता अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने शिकवीत नाहीत. क, म, न, र एवढी चार अक्षरे आणि काना आला, की काम, नाक, कान, मान, मका असे शब्द मूल स्वतः वाचू लागते. अर्थ कळणारा शब्द वाचल्याचा आनंद घोकलेल्या वर्णमालेत नाही. त्यानंतर वेलांटी, उकार, मात्रा. जोडाक्षरे सर्वांत शेवटी. सकाळच्या वंदनेत त्रिशरण-पंचशील खणखणीत म्हणणाऱ्या मुलाला 'बुद्धं'मधील 'द्ध' वाचायला मात्र बराच अवकाश लागतो. पाठांतर म्हणजे वाचन नव्हे, हे त्यावरून ध्यानात यावे. घरी 'पानी' म्हणणारे मूल वहीतही तसेच लिहिते. त्याला हसू नये. त्याची बोली अशुद्ध नसते. 'पाणी' हे प्रमाण रूप ते ऐकून ऐकून हळूहळू आपलेसे करते.

माझ्या मते वर्षातला खरा कसोटीचा काळ दिवाळीनंतरचा. याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात आणि सुटीत घरी नेलेले मूल कधीकधी आईबापांबरोबर फडावर जाते. धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नसते, ही अडचण खरी आहे. परंतु नुकतीच बसू लागलेली अक्षरे तीन-चार महिन्यांच्या खंडात पुसली जातात आणि दुसरीत ते मूल मागच्या बाकावर गप्प बसू लागते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले. तसा हक्क देणारा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी, म्हणजे १२८ वर्षांनी. त्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविले आहे. निघण्यापूर्वी मुलाला वसतिगृहात आणून सोडा. वाहनाची अडचण असेल तर आधी कळवा.

एप्रिलमध्ये प्रगतिपत्रक हाती पडते, तेव्हा "नंबर कितवा?" असे विचारू नये. तेथे श्रेणी असते, आणि पहिलीत वर्षभराच्या रोजच्या कामाला लेखी परीक्षेपेक्षा अधिक भार असतो. त्याऐवजी, घरी जाताना एस.टी.वरची पाटी मुलाला वाचू द्या. अडखळले तर थोडे थांबा. शब्द लगेच सांगू नका.