लाइट गेली, शिफ्ट रद्द झाली: रिकाम्या वेळेबद्दलचे गैरसमज

वढू बुद्रुकच्या शिवारात पिकांचं भरणं लाइटच्या वेळापत्रकावर चालतं. मध्येच लाइट गेली की मोटार थांबते आणि दोन तास न मागता हाती पडतात. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरांचंही तेच; माल आला नाही, शिफ्ट रद्द, की अख्खा दिवस रिकामा. अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, "टिळकांना मंडालेत सहा वर्षं मिळाली म्हणून गीतारहस्य झालं. आपल्याला एवढ्यात काय जमणार?" संस्कृतात 'बुधभूषण' लिहिणाऱ्या संभाजी महाराजांची समाधी ज्या गावात आहे, तिथे तरी हा समज राहू नये असं मला मनापासून वाटतं.

1908 साली झालेली शिक्षा सहा वर्षांची होती, हे खरं. पण गीतारहस्याचा खर्डा 1910-11च्या एका हिवाळ्यात, साधारण पाच महिन्यांत उतरला. तोही ऐसपैस बसून नव्हे. सुटे कागद मिळत नसत. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन्सिल, एवढंच साहित्य. त्यात मधुमेहाचं दुखणं. 1914च्या जूनमध्ये टिळक सुटले आणि 1915 मध्ये ग्रंथ छापून निघाला.

दुसरा गैरसमज असा की तुरुंगातल्या सवडीमुळे हा विषय त्यांना सुचला. प्रस्तावनेत टिळक स्वतः सांगतात की 1872 मध्ये शेवटच्या आजारात असलेल्या वडिलांना ते गीतेवरची 'भाषाविवृती' टीका वाचून दाखवत. तेव्हा त्यांचं वय सोळा. पुढे 1902 मध्ये त्यांनी नागपुरात याच विषयावर व्याख्यान दिलं. म्हणजे मंडालेला पोचले तेव्हा हा प्रश्न त्यांच्या मनात पस्तीसेक वर्षं मुरलेला होता. अवचित मिळालेला वेळ त्यालाच कामी येतो, ज्याचं काहीतरी आधीपासून सुरू असतं. बाकीच्यांचे दोन तास 'काय करावं' या विचारातच जातात.

सलग वेळच लागतो, हाही समज सोडावा. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली ती फक्त रविवारी. 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार आणि अठरा अध्याय. समोर बसलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहून काढली. आठवणी मात्र लहानपणापासूनच्या होत्या.

रात्रभर दारं मोडत भरणं करून आलेल्या माणसाने मात्र आधी झोपावं. त्या झोपेला कोणी वाया गेलेला वेळ म्हणू नये. थकलेल्या डोक्यात काही शिरत नाही.

आणि शिकणं म्हणजे भरतीची परीक्षा किंवा जाडजूड पुस्तक, असंही नाही. कित्येक घरांत मृदा आरोग्य पत्रिका घडी घालून कपाटात पडलेली असते. लाइट नसताना तीच उघडावी. आधी सामू बघावा: सातच्या आसपास असेल तर ठीक, साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण होत चालल्याची शंका घ्यावी. त्याखालची क्षारता वाढलेली असेल तर उसाला पाणी जास्त होतंय का आणि निचरा होतोय का, हे तपासायला हवं. मग सेंद्रिय कर्ब. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी. नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे शेवटी, कारण दुकानात गोणी घेताना आपण नेमके तेवढेच विचारतो आणि वरचे तीन वाचायचे राहून जातात. न समजलेला शब्द वहीत लिहून ठेवावा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावा. कर्ब कमी निघाला, तर येत्या तोडणीनंतर पाचट पेटवायचं की सरीत कुजवायचं, हे त्याच दुपारी घरात बोलून ठरवता येतं.