चांगला साहेब कसा ओळखावा?
(जपानमधील एका पुरस्काराची आणि त्याच्या परीक्षकांपुढील पेचाची माहिती)



ऊसपीक स्पर्धेची पद्धत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परीक्षक शेतावर येतात, क्षेत्र मोजतात, ऊस तोडून वजन करतात, रसाचा ब्रिक्स पाहतात आणि हेक्टरी उत्पादन काढतात. काटा नीट असला म्हणजे निकालाबद्दल फारशी कुरकूर होत नाही. पण समजा, उद्या कोणी म्हणाले की स्पर्धा उसाची नाही, साहेबाची आहे. ज्याच्या हाताखालची माणसे कामही चोख करतात आणि घरसंसारही नीट सांभाळू शकतात, अशा साहेबाला बक्षीस द्यायचे आहे. तर हा साहेब कोणत्या काट्यावर घालायचा?

हा प्रश्न जपानमध्ये खरोखरच उभा राहिला. तेथील आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालयाने २०१४ साली असा पुरस्कार सुरू केला. त्याचे नाव ‘इकुबॉस पुरस्कार’. आपला कारखानाही शेकडो माणसांच्या श्रमावर चालतो आणि आपण सभासद त्याचे मालक आहोत. म्हणून या पुरस्काराची माहिती येथे थोडी सविस्तर देत आहोत.

पुरस्काराची गरज का पडली?

जपानी माणूस कष्टाळू, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या कष्टाची दुसरी बाजूही आहे. कामाच्या अतिरेकाने येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्दच आहे. तो टाळण्यासाठी २०१४ साली तेथे खास कायदा करावा लागला. बाप रात्री उशिरा घरी येणार, तेव्हा मूल झोपलेले. आई नोकरी करीत असेल तर तिने बाळंतपणाला नोकरी सोडायची. असे वर्षानुवर्षे चालले. जन्मदरही घसरत गेला. २००५ साली तो एका स्त्रीमागे सरासरी १.२६ मुले इतका खाली आला होता.

कायदा नव्हता असे नाही. बालसंगोपन रजेचा कायदा १९९१ साली झाला व १९९२ पासून लागू झाला. ही रजा आईप्रमाणे बापालाही घेता येते. २०१४ पासून रजेच्या पहिल्या १८० दिवसांत पगाराच्या ६७ टक्के रक्कम विम्यातून मिळू लागली. युनिसेफने २०१९ साली श्रीमंत देशांची तुलना केली, तेव्हा बापाला मिळणाऱ्या रजेच्या बाबतीत जपानचा पहिला नंबर लागला. कागदावर सर्व काही उत्तम. पण रजा घेणारे बाप किती? २०१० साली शंभरात दीडसुद्धा नाही, १.३८ टक्के!

त्याच वर्षी मंत्रालयाने ‘इकुमेन’ प्रकल्प हाती घेतला. ‘इकु’ म्हणजे मूल वाढवणे. जपानी बोलीत देखण्या पुरुषाला ‘इकेमेन’ म्हणतात, त्यावर बेतलेला हा शब्द. मुलाला वाढवण्यात हात लावतो तोच खरा देखणा पुरुष, असा त्यातला विनोद. शब्द घराघरांत पोचला. तोक्योच्या बुंक्यो विभागाचे प्रमुख नारिसावा यांनी २०१० साली स्वतः रजा घेऊन दाखवली. तरीही आकडा फारसा हलेना.

मग कारणांचा शोध सुरू झाला. पोरगा रजेचा अर्ज खिशात घालून फिरतो, पण साहेबापुढे ठेवायला धजत नाही. “रजा घेतोस? मग मूल तू जन्माला घातलंस की बायकोनं?” असे टोमणे बसणार, बढती हुकणार, ही भीती. या छळालाही तेथे ‘पाताहारा’ असे नाव पडले आहे. तो रोखण्याची जबाबदारी कायद्याने २०१७ पासून मालकावर टाकली. थोडक्यात, कुलूप बापाच्या घराला नव्हते, साहेबाच्या टेबलाला होते. म्हणून लक्ष साहेबाकडे वळले आणि ‘इकुमेन’च्या जोडीला ‘इकुबॉस’ आला.

इकुबॉस म्हणजे कोण?

हा विचार पसरविण्यात ‘फादरिंग जपान’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. आंदो तेत्सुया यांनी ती २००६ साली स्थापन केली. या संस्थेने इकुबॉसचे दहा नियम ठरवले आहेत. ते सर्व येथे देत नाही. सार असे की इकुबॉसला तीन गोष्टी एकाच वेळी साधल्या पाहिजेत.

(१) हाताखालच्या माणसाच्या नोकरीची आणि घरची, दोन्हींची काळजी घ्यायची.
(२) खात्याचे काम मागे पडू द्यायचे नाही.
(३) स्वतःही वेळेवर घरी जायचे आणि आपले आयुष्य नीट जगायचे.

यातली दुसरी अट विसरून चालत नाही. मागेल त्याला रजा देणारा, कोणालाच काही न बोलणारा, आणि मग सगळा डोलारा कोसळला की हात वर करणारा साहेब इकुबॉस नाही. तो नुसता मवाळ. तसेच तिसरी अटही महत्त्वाची. “तुम्ही जा रे घरी,” असे म्हणून स्वतः रात्री दहापर्यंत खुर्चीला चिकटून बसणारा साहेब असला, तर हाताखालच्या कोणाचा पाय उचलेल?

परीक्षकांचा पेच

पुरस्कारासाठी नाव सुचवायचे ते कंपनीने. म्हणजे अर्ज यायचा तो चांगल्या कागदावर, चांगल्या भाषेत. आपल्याकडेही अहवालातला मजकूर अन् गव्हाणीपाशी दिसणारी गोष्ट यांत कधी कधी अंतर असते, ते आपण जाणतो. अशा अर्जांतून धान्य आणि फोलपट वेगळे करायचे म्हणजे परीक्षकाला तीन-चार ठिकाणी जपावे लागते.

पहिली जागा रजेच्या आकड्याची. ‘आमच्या खात्यात सर्व बापांनी रजा घेतली’ असे कंपनी सांगते. पण किती दिवस? २०१८ च्या सरकारी पाहणीत रजा घेतलेल्या बापांपैकी ३६.३ टक्के जणांची रजा पाच दिवसांच्याही आत होती. पाच दिवसांत बारशाची तयारीही धड होत नाही! शिवाय रजा घेऊन बाप घरी नुसता लोळत राहिला, तर बाळंतिणीला एकाऐवजी दोन पोरे सांभाळावी लागतात. जपानी लोक याला ‘नावापुरती रजा’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. म्हणजे खरी साक्ष पाहिजे ती घरच्या माणसाची.

दुसरी जागा कामाच्या तासांची. हजेरीपुस्तकात सहा वाजता सुटी, आणि कामाचे गाठोडे काखेत मारून घरी. रात्री जेवण उरकून पुन्हा तेच. किंवा जादा काम केले पण नोंदच नाही. ही दोन्ही दुखणी जपानमध्ये जुनी आहेत. तास घटले असे कागद सांगत असेल, तर काम कुठे गेले हे विचारलेच पाहिजे. साहेबाने निरुपयोगी बैठका बंद केल्या, एकाच अहवालाच्या चार प्रती लिहिणे थांबवले, एकाचे काम दुसऱ्याला शिकवून ठेवले, असे उत्तर आले तर ते खरे. ‘मंडळींनी जोमाने काम केले’ एवढेच उत्तर आले, तर पाणी कुठेतरी मुरते आहे.

तिसरी जागा शेजारच्या टेबलाची. एकाला रजा मिळाली, पण त्याचे सगळे ओझे बिनलग्नाच्या पोरावर किंवा वयस्कर कारकुनावर पडले, तर त्या रजेची किंमत तिसऱ्यानेच मोजली. चांगला साहेब रजेच्या आधीच काम वाटून ठेवतो, आणि ज्याने ओझे उचलले त्यालाही त्याचे माप देतो. रजा घेणाऱ्यापेक्षा न घेणारा साहेबाबद्दल काय बोलतो, यावरून साहेबाची पारख लवकर होते.

चौथी गोष्ट परीक्षकाची स्वतःची. ज्याने कधी तापलेल्या लेकराला मांडीवर घेऊन रात्र काढली नाही, त्याला या अर्जातले खरेखोटे कसे कळावे? इकुमेन प्रकल्पाच्या समितीचे नेतृत्व कोमाझाकी हिरोकी यांच्याकडे होते, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. आजारी मुलांना दिवसा सांभाळण्याची सोय करणारी ‘फ्लोरेन्स’ ही संस्था त्यांनी काढली. मूल आजारी पडले की नोकरदार आईबापांची कशी त्रेधा उडते, ते अशा माणसाला सांगावे लागत नाही.

पुढे काय झाले?

नुसत्या पुरस्काराने देश बदलत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१४ साली रजा घेणाऱ्या बापांचे प्रमाण २.३० टक्के होते. २०१९ साली ते ७.४८ पर्यंतच आले. त्यानंतर कायदा कडक झाला. मूल होणार असे कळवणाऱ्या कामगाराला रजेची माहिती देऊन त्याची इच्छा विचारणे २०२२ पासून मालकाला बंधनकारक झाले. बाळ जन्मल्यापासून आठ आठवड्यांच्या आत बापाला चार आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळू लागली. एक हजारावर कामगार असलेल्या कंपन्यांनी आपला आकडा २०२३ पासून जाहीर केलाच पाहिजे, असे ठरले. मग प्रमाण २०२३ साली ३०.१ आणि २०२४ साली ४०.५ टक्क्यांवर गेले. पुरस्काराने वाट दाखवली, कायद्याने त्या वाटेवर ढकलले, असे म्हणता येईल.

साखरेच्या धंद्याला लागू असलेली एक गोष्ट तर खास सांगण्याजोगी आहे. जपानने जादा कामाच्या तासांवर २०१९ पासून मर्यादा घातली. साधारणपणे महिन्याला ४५ तास व वर्षाला ३६० तास. त्यातून ज्या थोड्या धंद्यांना पाच वर्षांची सवड दिली, त्यांत कागोशिमा व ओकिनावा या दोन प्रांतांतील साखर कारखाने होते! दक्षिणेच्या त्या बेटांवर ऊस होतो. हंगामात गाळप रात्रंदिवस चालते, माणसे मिळत नाहीत, म्हणून बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांवर भागवायचे. सवड मार्च २०२४ अखेर संपली. त्यासाठी तीन पाळ्या लावणे, बाहेरून येणाऱ्या कामगारांसाठी राहण्याची घरे बांधणे, यंत्रे सुधारणे ही कामे करावी लागली. ‘हंगाम आहे, इलाज नाही’ हे उत्तर तेथेही पिढ्यान् पिढ्या दिले जात होते. पण मुदत पडली तेव्हा इलाज शोधला गेला.

आपल्या दृष्टीने

आता थोडे आपल्या घरात पाहू. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातील प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. ती कारखान्याच्या कचेरीतील भगिनीला मिळते. पण आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या भगिनीचे काय? तिचा साहेब कोण? मुकादम, शेतकी खात्याचा माणूस, का ज्याचा ऊस तो सभासद? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. खाडा पडला की पैसे कापले जातात, एवढे मात्र नक्की. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ साली शासनाच्या समितीपुढे आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दुखण्यापायी खाडा पडू नये, ही भीती त्यामागच्या कारणांत सांगितली जाते. जपानमधला बाप अर्ज खिशात घेऊन फिरला. येथे तर अर्ज द्यायचा कोणाकडे हेच ठरलेले नाही.

वार्षिक सभेत आपण उतारा विचारतो, गाळप विचारतो, भाव विचारतो. ते विचारलेच पाहिजे. त्याच्या जोडीला जपानी परीक्षकांच्या धर्तीवर पुढील प्रश्नही विचारता येतील:

(१) हंगामात कोणत्या खात्यात सलग दोन पाळ्या कराव्या लागतात, व वर्षातून किती वेळा?
(२) हक्काची रजा न घेताच किती कामगारांचे वर्ष संपते?
(३) खातेप्रमुख रजेवर गेला तर त्याचे काम जाणणारा दुसरा माणूस तयार आहे काय?
(४) तोडणीच्या टोळीतील गरोदर वा आजारी बाईच्या खाड्याबद्दल कारखान्याचा नियम काय, आणि तो मुकादमाला लेखी दिला आहे काय?
(५) ही उत्तरे कचेरीने लिहून दिली, की कामगारांना व त्यांच्या घरच्यांना विचारून घेतली?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपल्या फडात टोळी उतरली असेल, तर चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला वार्षिक सभेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. बांधावर जाऊन आजच विचारता येईल.