काट्याबरोबर टेपही हवी

सातारा-सांगलीकडच्या तालमीतला एखादा पैलवान घ्या. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८५ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बॉडी मास इंडेक्स येतो २९.४. भारतीयांसाठी २३ च्या पुढचा आकडा जास्त मानतात. मग हा लठ्ठ का? नाही, त्याचे वजन बरेचसे स्नायूंचे आहे.

मला काळजी वाटते ती ‘मी बारीक, मला कसली साखर?’ म्हणणाऱ्यांची. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचाही आकडा २२.३ होता, चरबी मात्र अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. तेव्हा कंबरही मोजा. पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंटिमीटरपुढे गेली, तर रक्तातली साखर तपासून घ्या.