भाड्याचे घर : पाण्याचे नळ आणि विजेची उपकरणे

शिक्षण, नोकरी वा बदलीच्या निमित्ताने दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद यांसारख्या शहरांत भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. घर निश्चित करताना भाडे, अनामत रक्कम आणि पाण्याची वेळ यांची कसोशीने चौकशी होते. मात्र न्हाणीघरातील गीझरला अर्थिंग आहे किंवा नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१९ ते २०२२ या वर्षांच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. शेते, कारखाने आणि रस्ते येथील दुर्घटनाही या संख्येत समाविष्ट आहेत. परंतु घरातील दुर्घटनांपैकी पाणी आणि वीज एकत्र येतात तेथील दुर्घटना थोड्या दक्षतेने टाळता येण्याजोग्या असतात.

नळाला झिणझिण्या का येतात?

गीझरमध्ये पाणी तापवणारी तार धातूच्या नळीत बसवलेली असते आणि दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचे विद्युतरोधक आवरण असते. क्षारयुक्त पाण्यामुळे नळीवर थर साचतो, ती गंजते आणि कालांतराने तिला चीर पडते. मग पाण्याचा संपर्क थेट विद्युतभारित तारेशी येतो. टाकी, तिला जोडलेला धातूचा नळ आणि शॉवर यांत वीज उतरते. अर्थिंग सुस्थितीत असल्यास हा प्रवाह जमिनीत निघून जातो. ते नसल्यास प्रवाहाला जमिनीकडे जाण्याचा मार्ग नळाला हात लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून मिळतो.

ओल्या शरीराचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टच्या घरगुती दाबाने शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. साधारण १० मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ वाहिल्यास हृदयाची लय बिघडण्याचा संभव असतो. म्हणूनच नळाला येणाऱ्या किंचित झिणझिण्या ही मोठ्या दोषाची पूर्वसूचना समजली पाहिजे.

प्लास्टिकच्या नळांनी धोका संपतो काय?

नव्या इमारतींत प्लास्टिकचे नळ वापरले जातात. प्लास्टिक विजेचे दुर्वाहक असले, तरी गीझरला जोडणारी नळी पुष्कळदा पोलादी जाळीच्या वेष्टनाची असते आणि तोटी धातूची असते. आतील पाणीही काही प्रमाणात वीज वाहून नेते. त्यामुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

जुन्या इमारतींतील प्रश्न निराळा आहे. तेथे पाण्याच्या लोखंडी नळालाच अर्थिंगची तार बांधण्याची प्रथा होती. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३०४३ या अर्थिंगविषयक संहितेस पाण्याच्या नळाचा असा वापर मान्य नाही. नळ सामाईक असल्यास एका बिऱ्हाडातील गीझरचा दोष दुसऱ्या बिऱ्हाडाच्या तोटीत प्रकट होऊ शकतो. शिवाय दुरुस्तीच्या वेळी लोखंडी नळाचा खालचा तुकडा काढून तेथे प्लास्टिकचा बसवला, की जमिनीशी असलेला संबंध तुटतो आणि वरचा भाग विद्युतभारित होण्याची भीती निर्माण होते. न्हाणीघरातील धातूचे नळ घराच्या स्वतंत्र अर्थिंगशी जोडणे ही मात्र याहून वेगळी आणि योग्य व्यवस्था होय.

एमसीबी पुरेसा का नाही?

घरात एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असा समज सर्वत्र आढळतो. गीझरसाठीचा एमसीबी साधारणतः १६ वा २० अँपिअरचा असतो. तो तारांचे अतिभारापासून व शॉर्टसर्किटपासून रक्षण करतो. माणसाचा जीव घेण्यास त्याच्या शतांशाइतका प्रवाह पुरेसा असल्याने अशी गळती एमसीबीच्या लक्षातही येत नाही.

हे काम आरसीसीबी करतो. घरात जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच सेकंदाच्या एकतृतीयांशाहून कमी वेळात वीजपुरवठा खंडित होतो. अर्थिंग चांगले असल्यास माणसाचा स्पर्श होण्यापूर्वीच ही क्रिया घडते. मात्र फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकाच वेळी स्पर्श झाल्यास आरसीसीबीला फरक जाणवत नाही, हे ध्यानात ठेवावे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज खंडित न झाल्यास ते उपकरण निकामी समजावे.

दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

भाड्याच्या घरात खरी अडचण येथे आहे. घरमालक घरात राहत नाही, म्हणून त्याला दोष दिसत नाही. भाडेकरूला तो दिसतो. पण अकरा महिन्यांसाठी दुसऱ्याच्या घरावर खर्च करण्याची त्याची तयारी नसते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात ही विभागणी स्पष्ट केली आहे. करारात वेगळी अट नसल्यास नळ बदलणे आणि घराच्या आतील व बाहेरील विद्युत वायरिंगची देखभाल घरमालकाकडे, तर तोट्या, गीझर, बटणे व सॉकेट यांची दुरुस्ती भाडेकरूकडे येते. अर्थिंग हा वायरिंगचाच भाग असल्याने ते प्राधान्याने घरमालकाचे काम ठरते. मात्र हा कायदा राज्यांनी स्वीकारल्यावरच तेथे लागू होतो.

महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम १४ अन्वये, वेगळा करार नसल्यास, जागा सुस्थितीत ठेवण्याचे बंधन घरमालकावर आहे. किमान पंधरा दिवसांची सूचना देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने राहणाऱ्यांनी दुरुस्तीविषयीची अट करारातच नमूद करून घेणे हिताचे ठरेल.

घर ताब्यात घेताना पाहावयाच्या गोष्टी

• मुख्य वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे काय?
• गीझरचे बटण फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे आहे काय? एकच तार तोडणाऱ्या बटणाच्या जोडणीत तारा उलट झाल्या असतील, तर बटण बंद असूनही गीझर विद्युतभारित राहतो.
• अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत पोहोचते काय? याची तपासणी परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावी.
• जलशुद्धीकरण यंत्राची बारीक नळी, धुलाई यंत्राची नळी वा स्वयंपाकघरातील ओट्याखालचा नळ गळल्यास पाणी सॉकेटवर पडेल काय?
• वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची ओल विजेच्या फलकापर्यंत आली आहे काय? पावसाळ्यात हे विशेष पाहावे.

आढळलेले दोष छायाचित्रांसह घरमालकास लेखी कळवावेत. पुढे वाद उद्भवल्यास ही नोंद उपयोगी पडते.

धक्का जाणवल्यास

नळाला झिणझिण्या आल्यास ओल्या हाताने गीझरचे बटण बंद करू नये. कोरड्या जागी येऊन मुख्य स्विच बंद करावा आणि दोष दूर होईपर्यंत गीझर वापरू नये. एखादी व्यक्ती विजेला चिकटल्यास प्रथम मुख्य पुरवठा तोडावा. उघड्या हाताने तिला ओढू नये. त्यानंतर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागवावी.

आरसीसीबी बसवण्यास येणारा खर्च बहुतेक शहरांतील एका महिन्याच्या भाड्याहून कमी असतो. तो मालकाने करावा की भाडेकरूने, याची चर्चा होत राहील. परंतु ती गीझर बंद ठेवून करणेच दोघांच्याही हिताचे आहे.