एका खणात अख्खी यादी: पर्लमधला संदर्भ

जोयडा तालुक्यातल्या कुणबी शेतकऱ्यांच्या कंदमुळांची नोंद संगणकावर ठेवायची आहे, असे समजा. गावाचे नाव ही चावी. अणशी, कुंभारवाडा, कॅसल रॉक. पण एका गावात सुरण, कोनफळ, रताळे असे अनेक कंद असू शकतात आणि पर्ल या संगणकीय भाषेतल्या हॅशमध्ये, म्हणजे चावी-मूल्यांच्या जोड्यांच्या साठ्यात, एका चावीसमोर एकच मूल्य मावते. तिथे तीन कंदांची यादी म्हणजेच अ‍ॅरे थेट ठेवायला गेलो, तर नावे हरवतात आणि नुसता 3 हा आकडा उरतो. म्हणून अ‍ॅरे नव्हे, त्याचा पत्ता ठेवायचा. या पत्त्यालाच संदर्भ किंवा रेफरन्स म्हणतात. लॅरी वॉल यांनी 1987 मध्ये आणलेल्या पर्लला ही सोय 1994 च्या पाचव्या आवृत्तीत मिळाली.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? नावे स्वल्पविरामाने जोडून एकच ओळ ठेवू. चालेल, पण दर वेळी ती तोडावी लागेल आणि एखाद्या नोंदीतच स्वल्पविराम आला की हिशेब बिघडेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन गावांना एकच पत्ता दिला, तर एकाची यादी बदलताच दुसऱ्याचीही बदलते. मात्र हा दोष संदर्भाचा नाही, वापराचा आहे. चौकोनी कंसात यादीची नवी प्रत करून तिचा पत्ता दिला की दोन्ही याद्या स्वतंत्र राहतात. ठेवताना एवढे भान पुरे.