भारताचे कृषिविभाग

राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा नकाशावर ठळक रेघांनी दाखविलेल्या असतात. परंतु पिकांना त्या रेघा ठाऊक नसतात. सोलापूर आणि विजापूर ही शहरे दोन राज्यांत आहेत. तरी दोन्हीकडच्या काळ्या रानांत हस्ताच्या ओलीवर पेरलेला शाळू सारखाच डोलतो. उलट महाबळेश्वर आणि वाई ही गावे एकाच जिल्ह्यातील. पण एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि दुसरीकडे तो हजारालाही पोहोचत नाही. शेतीचा विचार करावयाचा, तर निसर्गाने आखलेला नकाशाच वाचावयास हवा.

या नकाशाची पहिली खूण म्हणजे हवामान. पाऊस किती पडला, एवढे पाहून मात्र भागत नाही. उन्हावाऱ्याने त्यातील किती उडून जातो आणि पिकाला पुरेल इतकी ओल किती दिवस टिकते, हे मोजावे लागते. या दिवसांनाच वाढकाळ म्हणतात. पश्चिम राजस्थानात तो ९० दिवसांहूनही कमी. म्हणून तेथे लवकर येणारी बाजरी आणि मटकी. आसामात तो २१० दिवसांच्या पुढे जातो. म्हणून तेथे भात, ताग आणि चहा.

दुसरी खूण जमिनीची. सोलापूर आणि अनंतपूर हे दोन्ही जिल्हे अवर्षणप्रवण. पण सोलापूरची खोल काळी जमीन पावसाचे पाणी पोटात साठविते आणि पाऊस सरल्यावरही शाळू पोसते. अनंतपूरची उथळ तांबडी जमीन ओल धरीत नाही. तेथील शेतकऱ्याला पावसाळ्यातच भुईमूग साधावा लागतो.

या खुणा जुळवून आपल्या शास्त्रज्ञांनी देशाची विभागणी केली. तत्कालीन नियोजन मंडळाने १५ कृषिहवामान प्रदेश मानले. संशोधनाच्या सोयीसाठी १२७ लहान विभाग पाडण्यात आले. आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने १९९२ साली २० कृषिपरिस्थितिकी प्रदेशांचा नकाशा सिद्ध केला. या आकड्यांत विरोध नाही. धोरण ठरविणाऱ्याला मोठे विभाग पुरतात; बियाण्याची निवड करणाऱ्याला लहान लागतात.

ही विभागणी डावलली की काय घडते, याचे उदाहरण पंजाब होय. गहू, मका, हरभरा आणि कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशात हरितक्रांतीनंतर नलिकाकूपांच्या बळावर भात पसरला. त्याने देशाची कोठारे भरली, हे खरे. पण भूजल खोल खोल गेले. अखेर भाताची लावणी उन्हाळ्याच्या भरात करू नये, म्हणून २००९ साली तेथे कायदा करावा लागला. आपल्याकडील पर्जन्यछायेतील उसाचा प्रश्नही याच जातीचा आहे.

शेतकऱ्याला दोष देऊन मात्र चालणार नाही. ज्या पिकाला हमखास भाव आणि गिऱ्हाईक, तेच तो पेरणार. म्हणून जमिनीला मानवणारे पीक शेतकऱ्यालाही परवडेल, अशी व्यवस्था ज्या दिवशी होईल, त्या दिवशी हा नकाशा कागदावरून शेतात उतरेल.