घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

“पोरगं बघा कसं बापासारखं घोरतंय,” असं आजी कौतुकानं सांगते. घरात डाऊन सिंड्रोमचं मूल असेल तर या घोरण्याचं कौतुक करू नका, असं आम्ही वस्तीत घरोघरी सांगतो.

या मुलांच्या पेशींत 21 व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. त्यात ना आईचा दोष, ना ग्रहणाचा. त्यांच्या चेहऱ्याचा मधला भाग लहान, श्वासाची वाट अरुंद आणि स्नायू सैल असतात. झोपेत जीभ मागे सरते. त्यात टॉन्सिल किंवा नाकामागची अडेनॉइडची गाठ वाढलेली असली, की वाट बंदच होते. श्वास काही सेकंद थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मूल दचकून पुन्हा श्वास घेतं. रात्रभर हेच चालतं. यांतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना हा त्रास असतो.

आमच्या पाहण्यातला एक मुलगा बसून, पुढे वाकून झोपायचा. घरचे म्हणायचे, सवय आहे. सवय कसली, श्वासासाठीची धडपड होती ती! मान मागे टाकून झोपणं, तोंड उघडं, खूप घाम, अंथरूण ओलं होणं, दिवसा चिडचिड, याही खुणाच. शाळेत मात्र “तो मंदच आहे” म्हणून विषय संपवतात. झोप न झालेलं कुठलं मूल शिकेल?

अशा सुमारे निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. रात्री ऑक्सिजन कमी पडत राहिला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, हृदयावर ताण येतो.

मूल झोपलं की छाती-तोंड दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत, शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगा. डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहे, जिल्हा रुग्णालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे. तिथे कान-नाक-घसा तपासणी, थायरॉईडची रक्ततपासणी आणि झोपेची तपासणी मागा. मूल घोरत नसलं तरी 4 वर्षांपर्यंत ही झोपेची तपासणी व्हावी, असं तज्ज्ञ सांगतात. घरात बिडी आणि मच्छर कॉईलचा धूर नको.

टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डाऊन सिंड्रोम असल्याचं आवर्जून सांगा. या मुलांच्या मानेचे मणके सैल असू शकतात, मान जपून हाताळावी लागते. ऑपरेशननंतरही काहींचा त्रास उरतो, म्हणून झोपेची तपासणी पुन्हा करून घ्या. गरज पडल्यास रात्री मास्कमधून हवा देणारं मशीन लावतात. सुरुवातीला मूल मास्क ओढून फेकतं. दिवसा खेळता खेळता तो तोंडाला लावायची सवय करा.